आजीने बाळाला घ्यायचं की नाही? मिलिक्युरी, ग्रे आणि सिव्हर्टचा हिशेब

ताई, तुमचा प्रश्न मी इतरांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. आईंना स्तनाचा कर्करोग आहे, वय 62. मागच्या आठवड्यात छाती-पोटाचा सीटी स्कॅन झाला. या सोमवारी सकाळी अकराला बोन स्कॅनचं इंजेक्शन दिलं. त्या कागदावर ‘20 मिलिक्युरी’ लिहिलंय, सीटीच्या कागदावर ‘डीएलपी 620 मिलिग्रे-सेंटिमीटर’ (स्कॅनच्या सगळ्या लांबीवर मिळून दिलेली मात्रा), आणि पुढच्या महिन्यात शेक (रेडिओथेरपी) द्यायचे त्या कागदावर ‘40 ग्रे, 15 वेळा’. तुम्ही कुठेतरी वाचलंत की 4 ग्रेला माणूस दगावतो. शेजारच्यांनी आजींचं ताट-वाटी वेगळं ठेवायला सांगितलं. सोमवारपासून आजींनी आठ महिन्यांच्या नातीला हात लावलेला नाही, आणि त्या आतल्या खोलीत एकट्या बसून असतात.

बाळाला आत्ता आजींकडे द्या. झोपलं असेल तर उठल्यावर द्या. ताट-वाटी वेगळं करायची गरज तर सोमवारीही नव्हती. मी 27 वर्षं कर्करोगाच्या रुग्णालयांत मेडिकल फिजिसिस्ट म्हणून काम करते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं किरणोत्सर्ग सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे होती. या काळात किरणांनी भाजलेलं माणूस मी क्वचितच पाहिलं, पण ‘तुला रेडिएशन दिलंय’ म्हणून घरात वाळीत पडलेली माणसं खूप पाहिली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तुमच्या तीन कागदांवर तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि तिन्हींना आपण ‘किती रेडिएशन’ असंच म्हणतो. शेगडीचं उदाहरण घ्या. शेगडीत निखारे किती, हा एक प्रश्न. तुमच्या हातापर्यंत धग किती पोचली, हा दुसरा. ती धग तळहाताला लागली की डोळ्याला, आणि त्यातून इजा किती संभवते, हा तिसरा. क्युरी आणि बेक्वेरेल निखारे मोजतात, ग्रे धग मोजतो आणि सिव्हर्ट इजेची शक्यता. निखाऱ्यांच्या आकड्यावरून भाजण्याचा अंदाज परस्पर बांधता येत नाही. शेगडी किती लांब होती, किती वेळ होती, मध्ये भिंत होती का, हे आधी विचारावं लागतं.

निखाऱ्यांपासून सुरू करू. काही अणूंची केंद्रकं अस्थिर असतात. ती आपोआप फुटतात किंवा बदलतात आणि जास्तीची ऊर्जा किरणांच्या रूपात बाहेर टाकतात. सेकंदाला एक केंद्रक बदललं की झालं एक बेक्वेरेल. आँरी बेक्वेरेल यांना 1896 मध्ये युरेनियमच्या क्षारांत हा गुण सापडला, म्हणून हे नाव. क्युरी हे जुनं आणि दांडगं एकक. एक ग्रॅम रेडियममध्ये सेकंदाला जेवढे बदल होतात तेवढे, म्हणजे 3,700 कोटी. आपल्याकडच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत अजून सगळे मिलिक्युरीतच बोलतात.

आईंना दिलेले 20 मिलिक्युरी म्हणजे 74 कोटी बेक्वेरेल. सेकंदाला 74 कोटी! आकडा ऐकून छातीत धस्स होतं, मला ठाऊक आहे. पण त्या इंजेक्शनातल्या टेक्नेशियमचं, म्हणजे किरणोत्सारी पदार्थाचं, वजन किती होतं? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले जेमतेम चार. अणूच इतके लहान असतात की डोळ्यांना न दिसणाऱ्या कणातसुद्धा ते कोट्यवधी असतात. त्यामुळे बेक्वेरेलचे आकडे नेहमीच अवाढव्य असतात. वर्तमानपत्रात ‘अमुक इतके लाख बेक्वेरेल सापडले’ अशी बातमी आली की मी आधी बघते ते कोणत्या पदार्थाचे, कशात आणि कुठे.

आता अर्धायुष्य. आईंना दिलेलं टेक्नेशियम-99एम दर 6 तासांनी निम्मं होतं. सोमवारी सकाळी अकरापासून मी हे लिहिते आहे त्या बुधवारी रात्री अकरापर्यंत बरोबर 60 तास झाले, म्हणजे दहा अर्धायुष्यं. वीसचे दहा, दहाचे पाच असं दहा वेळा निम्मं करत गेलं की 1,024 वा भाग उरतो. शिवाय हाडांनी न धरलेलं औषध पहिल्या काही तासांतच लघवीवाटे गेलेलं असतं. म्हणून तर स्कॅनच्या आधी भरपूर पाणी प्यायला आणि वरचेवर बाथरूमला जायला सांगतात. जे अणू बदलले त्यांचं टेक्नेशियम-99 होतं आणि तेही किरणोत्सारी असतं, पण त्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून मोठं आहे. ते इतकं सावकाश बदलतं की आईंना दिलेलं सगळं औषध अंगात राहिलं असतं तरी त्यातून सेकंदाला दोन-तीनच बदल झाले असते. एका केळ्यात पोटॅशियममुळे सेकंदाला पंधराएक होतात. तुमच्या-माझ्या अंगात त्याच पोटॅशियम-40 मुळे ते चारेक हजार आहेत आणि तुमच्या बाळाच्या अंगातही काही शे आहेत, जन्मापासून.

मग सोमवारी दुपारी आजी घरी आल्या तेव्हा? बोन स्कॅनच्या रुग्णापासून एक मीटरवर इंजेक्शननंतर लगेच ताशी 5 ते 10 मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्टचे दहा लाखावे भाग) मिळतात, तीन-चार तासांनी स्कॅन संपेपर्यंत ते आणखी उतरतात. निसर्गातून आपल्याला दिवसाला सरासरी साडेसहा मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे त्या संध्याकाळी आजी तासभर समोर बसल्या असत्या तरी बाळाला फार तर एका दिवसाची जादा भर पडली असती. ‘आजचा दिवस बाळाला मांडीवर फार वेळ घेऊ नका, उद्यापासून नेहमीसारखं’ एवढंच आम्ही सांगतो. तुम्हाला ते कुणी नीट सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. खिडकीतून कागद सरकवताना हे एक वाक्य बोलणं हा उपचाराचाच भाग आहे.

बोलून पटत नाही तेव्हा मी सर्व्हे मीटर, म्हणजे किरण मोजायचं यंत्र, हातात घेते. काही वर्षांपूर्वी एक आजोबा स्कॅननंतर बाहेरच्या बाकावर बसायलाच तयार नव्हते, कारण त्याच बाकावर त्यांचा नातू बसला होता. मी मीटर त्यांच्या पोटाजवळ धरला, काटा झपकन वर गेला. एक पाऊल मागे आले, काटा घसरला. त्यांच्यापासून एक मीटरवर 6 मायक्रोसिव्हर्ट दिसत होते, दोन मीटरवर दोनच्या जवळ आले, आणि कॉरिडॉरच्या टोकाला मीटर नेहमीच्या 0.1 वर आला. मग तोच मीटर मी कॅन्टीनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवला. काटा तिथेही जरा उचलला गेला. आजोबा बराच वेळ ओट्याकडे बघत राहिले. मग ते बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि नातवाशी तिथून बोलायला लागले. अंतर दुप्पट झालं की मात्रा साधारण चौथाई होते, हा नियम त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

किरणांचे प्रकार समजून घेताना एकच गोष्ट लक्षात ठेवा: ते किती लांब जातात आणि वाटेत किती नासधूस करतात. अल्फा म्हणजे हेलियमचं केंद्रक, जड आणि दुप्पट विद्युतभाराचं. हवेत ते काही सेंटिमीटर जातं, साधा कागद त्याला अडवतो, आपल्या कातडीचा मेलेला वरचा थरही अडवतो. पण तेच श्वासावाटे फुप्फुसात गेलं तर सगळी ऊर्जा काही पेशींच्या अंतरात ओतून मोकळं होतं. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, शरीरात काही मिलिमीटर शिरणारा. त्याला आम्ही आधी अ‍ॅक्रिलिकच्या ढालीने अडवतो. थेट शिसं लावलं तर इलेक्ट्रॉन एकदम थबकून उलट क्ष-किरण तयार करतो. गॅमा आणि क्ष-किरण हे प्रकाशाचेच भाऊ, फरक जन्मस्थानाचा: गॅमा केंद्रकातून येतो, क्ष-किरण इलेक्ट्रॉनच्या उलथापालथीतून. हे शरीर आरपार करतात, म्हणून तर चित्र काढता येतं. टेक्नेशियमचे गॅमा निम्मे करायला पाव मिलिमीटरच्या जवळपास शिसं पुरतं, कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूच्या गॅमांसाठी सुमारे 12 मिलिमीटर लागतं. तेव्हा एक्स-रे खोलीतला शिशाचा एप्रन घालून कोबाल्टसमोर कुणी स्वतःला सुरक्षित समजू नये. न्यूट्रॉन हा मुख्यतः अणुभट्टीच्या आसपासचा विषय, तुमच्या घराशी त्याचा संबंध नाही.

मोबाईल टॉवर, मायक्रोवेव्ह, एमआरआय यांचाही उल्लेख तुम्ही केलात. अणूतला इलेक्ट्रॉन हुसकून लावायला साधारण दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर ऊर्जा एका फटक्यात लागते. टेक्नेशियमच्या एका गॅमाकडे 1 लाख 40 हजार आहे. टॉवरच्या लहरीच्या एका कणाकडे एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या लाखाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. दगड फेकून आंबा पडतो, फुंकर लाख वेळा मारली तरी पडत नाही. एमआरआयमध्ये असे आयन करणारे किरण नसतात आणि सोनोग्राफी तर नुसता आवाज आहे.

आता धग, म्हणजे ग्रे. शरीराच्या एका किलोने एक जूल ऊर्जा शोषली की एक ग्रे. 60 किलोच्या माणसाला एकदम सर्वांगावर 4 ग्रे मिळाले तर एकूण ऊर्जा झाली 240 जूल. अर्ध्या चमचा गरम चहातून एवढी उष्णता पोटात जाते, अंगाचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेच वाढतं. तरी उपचार मिळाले नाहीत तर अशी निम्मी माणसं दगावतात. कारण चहाची उष्णता सगळीकडे पसरते, पण किरण आपली ऊर्जा नेमकी ठिकठिकाणी टाकतो, इलेक्ट्रॉन उडवतो आणि पेशीच्या केंद्रातल्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतो. सर्वात आधी अस्थिमज्जा थांबते, कारण तिथल्या पेशी सतत विभागत असतात.

मग आईंना 40 ग्रे कसे देणार? ते 4 ग्रे होते सर्वांगावर आणि एका दमात. हे 40 ग्रे फक्त स्तनावर आणि त्यामागच्या छातीच्या पातळ पट्ट्यावर, रोज सुमारे 2.67 ग्रे, असे 15 वेळा. दोन वेळांच्या मधल्या चोवीस तासांत निरोगी पेशी आपले तुटलेले धागे बऱ्यापैकी जोडून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही. आमच्या कामातलं कसब या फरकावर उभं आहे. संगणकावर प्लॅन करताना मी फुप्फुसाचा कोपरा आणि, डावी बाजू असेल तर, हृदयाची कड मिलिमीटर-मिलिमीटरने तपासते. कातडी लालसर-काळपट होईल, थकवा येईल, ते नाकारत नाही. पण रेषीय त्वरक, ज्याला सगळे लिनॅक म्हणतात, बंद झाला की किरण संपले, दिवा मालवल्यासारखे. आईंच्या अंगात काहीही मागे राहत नाही. शेक घेऊन रिक्षाने घरी आल्यावर लगेच बाळाला घेतलं तरी चालतं. फक्त छातीची कातडी हुळहुळी असेल, तेवढं सांभाळा.

इथेच सगळ्यात मोठी गल्लत होते: किरण अंगावर पडणं आणि किरणोत्सारी पदार्थ अंगाला लागणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कोबाल्ट-60 चं विकिरण केंद्र आहे. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून तिथे साठएक ग्रे देतात. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला, आतल्या किडीचा बंदोबस्त म्हणून, किमान 400 ग्रे द्यावे लागतात. 2007 पासून आपले आंबे असेच तिकडे जात आहेत. माणसाला मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपट! आणि पेटीतून काढून तो आंबा खाल्ला तर त्यात एक बेक्वेरेलही वाढलेला नसतो, कारण कोबाल्टच्या गॅमात अणूचं केंद्रक बदलण्याइतका जोर नाही. इंजेक्शनच्या सिरिंज आणि ड्रेसिंगचं सामान तर 25 हजार ग्रे देऊन निर्जंतुक करतात.

याच्या उलट ब्राझीलमधल्या गोइयानिया शहरात 1987 मध्ये झालं. बंद पडलेल्या दवाखान्यातून शेक देण्याच्या यंत्राचा भाग भंगारात गेला, तो फोडल्यावर आतून सीझियम-137 ची अंधारात निळसर चमकणारी भुकटी निघाली. लोकांनी ती घरी नेली, अंगाला चोळली, एका सहा वर्षांच्या मुलीने त्याच हातांनी खाल्लं. तिच्यासह चौघं गेली. तिथे पदार्थच घराघरांत पसरला होता, म्हणून घरं पाडावी लागली, माती खरवडून न्यावी लागली. ताट-वाटी वेगळं ठेवण्याची भीती अशा ठिकाणची आहे. आईंच्या सीटीनंतर किंवा शेकानंतर ती लागू होत नाही.

एक अपवाद नीट ऐका. थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-131 ची मोठी मात्रा, शंभर मिलिक्युरीच्या घरातली, तोंडाने देतात. त्याचं अर्धायुष्य 8 दिवस आहे, ते लाळेत, घामात, लघवीत उतरतं. त्या रुग्णांना खरोखर वेगळ्या खोलीत ठेवतात, त्यांचं सांडपाणीही टाक्यांत साठवून, निवळू देऊन मगच सोडतात. घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात, ते काटेकोर पाळायचं. माझं आजचं उत्तर त्यांना लावू नका.

राहिला सिव्हर्ट. तितकीच ऊर्जा अल्फाने दिली तर इजा जास्त, म्हणून ग्रेला अल्फासाठी 20 ने, गॅमा, क्ष-किरण आणि बीटासाठी 1 ने गुणतात. मग कोणत्या अवयवाला मिळाली तेही बघतात: फुप्फुस, जठर, मोठं आतडं, स्तन, अस्थिमज्जा यांना या हिशेबात दिलेलं वजन प्रत्येकी 0.12, थायरॉइडचं 0.04, कातडीचं 0.01. हे सगळं करून जो एक आकडा येतो तो मिलिसिव्हर्ट. निरनिराळ्या तपासण्या एका तराजूत घालायला तो सोयीचा आहे. जुन्या मीटरवर मिलिरॉन्टजेन दिसतं, जुन्या पुस्तकांत रॅड आणि रेम. 100 रॅडचा एक ग्रे आणि 100 रेमचा एक सिव्हर्ट.

आईंच्या सीटीचा हिशेब आता तुम्हीही करू शकता. डीएलपीला धडाच्या सीटीसाठी साधारण 0.015 ने गुणायचं. 620 गुणिले 0.015, झाले सुमारे 9 मिलिसिव्हर्ट. बोन स्कॅनचे 4 च्या आसपास. हो, तेच 74 कोटी बेक्वेरेल, आणि इजेच्या तराजूत ते सीटीच्या निम्मेही नाहीत. छातीच्या एका साध्या एक्स-रेचे 0.02 ते 0.1. मुंबईहून अमेरिकेच्या एका विमानफेरीत एका बाजूला 0.05 ते 0.1, कारण वर हवेचं पांघरूण पातळ होतं.

तुलनेसाठी: जगभराच्या सरासरीने निसर्गातून माणसाला वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातला जवळपास निम्मा वाटा रेडॉन वायूचा. जमिनीतल्या युरेनियमपासून तो तयार होतो आणि कोंदट खोल्यांत साठतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवणं हा किरणांवरचाही उपाय आहे. बाकी अंतराळातून, जमिनीतून आणि अन्नातून. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडात युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे मुंबई-पुण्याकडे जमिनीतून येणारा वाटा दक्षिणेतल्या ग्रॅनाइटच्या मुलखापेक्षा कमी असतो. केरळात कोल्लमजवळ करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम आहे आणि तिथे काही ठिकाणी नेहमीच्या कित्येक पट मात्रा आहे. तिथल्या हजारो लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, पण त्या मात्रेमुळे कर्करोग वाढल्याचं दिसलं नाही.

म्हणून धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. सुरक्षेसाठी आम्ही असं धरून चालतो की एका सिव्हर्टला प्राणघातक कर्करोगाची शक्यता साधारण 5 टक्क्यांनी वाढते आणि हे गणित खालपर्यंत सरळ रेषेत उतरतं. 100 मिलिसिव्हर्टच्या खाली परिणाम वेगळा काढून दाखवणं अवघड आहे, तरी रेषा धरायची, कारण चूक झाली तर ती सावधपणाच्या बाजूची होते. त्या हिशेबाने आईंच्या 9 मिलिसिव्हर्टची भर झाली दोन हजारात एकाच्या आसपास. समोर असलेला आजार पसरला आहे का हे कळण्यासाठी ही किंमत मी माझ्या आईसाठी विनातक्रार मोजली असती. पण डोकं दुखतंय म्हणून दर चार महिन्यांनी सीटी काढणं, किंवा आधीच्या फिल्म नेल्या नाहीत म्हणून नवीन काढणं, याला माझा विरोध आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर फारच, कारण त्यांच्या पेशी वेगाने विभागतात आणि पुढचं आयुष्य लांब असतं.

आम्हा कामगारांना पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, भारतात कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. सर्वसामान्य जनतेला, म्हणजे तुमच्या बाळालाही, अशा कामांमुळे वर्षाला 1 च्या वर मिळू नये असा नियम आहे. रुग्णाला अशी मर्यादा नसते. तिथे प्रत्येक वेळी एकच विचारायचं: ही तपासणी केली तर उपचारात काय बदलेल?

आता पुढच्या महिन्यासाठी. सीटीचा डोसचा कागद आणि बोन स्कॅनचा कागद एकाच फाइलमध्ये लावा, प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवा. शेकाच्या पहिल्या दिवशी फिजिसिस्टला भेटायचंय म्हणून सांगा, ते आईंचा प्लॅन पडद्यावर उघडून दाखवतील. तुम्ही पुन्हा गरोदर असाल किंवा शक्यता असेल, तर आईंच्या कोणत्याही न्यूक्लिअर स्कॅनच्या दिवशी सोबतीला दुसऱ्या कुणाला पाठवा. आणि शेक सुरू झाल्यावर आई थकतील, तेव्हा बाळाला त्यांच्या शेजारी झोपवा, ज्या बाजूला शेक दिलाय त्याच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे लाथ लागून कातडी दुखणार नाही.